घारीच्या घरट्यावर कॅमेरा लावायचाय? आधी पिल्लाच्या पायातला दोरा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडला तुमची सोसायटी. कंपाउंडमधल्या रेन ट्रीवर घारीचं घरटं आहे, त्यात दोन पिल्लं, एक मोठं आणि एक बरंच लहान. सहाव्या मजल्याच्या खिडकीतून घरटं साधारण चाळीस मीटरवर दिसतं. झाडावर कॅमेरा बसवून चोवीस तास यूट्यूबवर दाखवावं असं काही जणांच्या मनात आहे. मोबाइलवर झूम केलं तर लहान पिल्लाच्या पायाला दोऱ्यासारखं काहीतरी दिसतं. गेल्या वर्षी खाली पडलेलं पिल्लू दूध-पावावर दोन दिवसांत गेलं, या वेळी पडलं तर काय करायचं?

वरवर हे तीन प्रश्न दिसतात. खरा प्रश्न एकच आहे: पडद्यावर काही दिसलं की हात कधी घालायचा, कोणी घालायचा, आणि कधी फक्त बघत बसायचं. कॅमेरा कुठलाही घ्या, हे आधी ठरलेलं नसेल तर तो घरट्याच्या मुळावर येतो. म्हणून कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी दोरा.

घारी घरट्यात काय वाट्टेल ते आणतात. चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुतळी, झाडाला लटकलेला मांजा. संक्रांत १४-१५ जानेवारीला, म्हणजे घारींच्या अंडी-पिल्लांच्या ऐन दिवसांत येते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे, पण तो कुजत नाही, त्यामुळे जुनाही वर्षानुवर्षं फांद्यांवर राहतो. पिल्लाच्या पायात गुंतलेला दोरा दोन प्रकारचा असतो. एक नुसता सैल गुंडाळलेला, आणि दुसरा घरट्याच्या काड्यांत रुतलेला, म्हणजे पिल्लाला दाव्याने बांधल्यासारखा. दुसरा जीवघेणा. बांधलेलं पिल्लू वाढत राहतं, दोरा वाढत नाही. तो कातडीत रुततो आणि खालच्या पंजाचा रक्तपुरवठा तुटतो. उडायची वेळ आली की पिल्लू घरट्याखाली उलटं लटकतं.

हे फोटोवरून कळत नाही. सकाळी पालक भरवायला येतात तेव्हा तासभर सलग व्हिडिओ घ्या आणि तीन गोष्टी बघा. पिल्लू सरकलं की काडी किंवा चिंधी त्याच्यासोबत ओढली जाते का? तो पाय टेकवून उभं राहतं का? दोन्ही पंजे सारखे दिसतात का? दोरा आवळला की खालचा भाग आधी सुजतो, मग निळसर-काळपट होतो. यातलं एकही ‘गडबड आहे’ असं दिसलं तर त्याच दिवशी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि ती क्लिप तयार ठेवा. क्लिप असली की समोरच्या माणसाला ‘घारीचं पिल्लू आजारी वाटतंय’ आणि ‘डावा पाय बांधला गेलाय, सुजलाय’ यातला फरक लगेच कळतो, आणि माणसं त्यानुसार हलतात. दोरा सैल असेल, पिल्लू दोन्ही पायांवर उभं राहत असेल, तर चोवीस तास नजर ठेवा. सैल वेढा पुष्कळदा आपोआप निघतो.

झाडावर तुम्ही चढायचं नाही, वॉचमनलाही चढवायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येतं. हेतू चांगला होता, हा बचाव नंतर करत बसण्यापेक्षा वनविभागाच्या परवानगीने, पशुवैद्य आणि अनुभवी बचाव पथक घेऊन हे काम झालेलं बरं. उंचीसाठी अग्निशमन दलाची किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाची शिडी-लिफ्ट मिळवता येते. आणि दोरा कोणीही ओढायचा नाही. ओढलेला मांजा करवतीसारखा चालतो, पायाचे स्नायुबंध कापतो. बोथट टोकाच्या कात्रीने घरट्याकडची बाजू आधी तोडायची, पायातला वेढा पशुवैद्याने सोडवायचा. बाहेरून साधा ओरखडा दिसतो, आत जखम हाडापर्यंत गेलेली असू शकते, म्हणून ‘कापला आणि परत ठेवला’ एवढ्यावर काम संपत नाही.

इथे पिल्लाचं वय फार महत्त्वाचं आहे, आणि माझं उत्तर ज्यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे ती गोष्ट हीच. घारीची अंडी महिनाभर उबतात आणि पिल्लं साधारण सहा ते आठ आठवडे घरट्यात असतात. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लू म्हणजे मळकट पांढऱ्या लवेचा गोळा असतो. तिसऱ्या आठवड्यात पंखांवर पिसांच्या निळसर नळ्या फुटतात. महिन्याभराचं पिल्लू तपकिरी दिसतं, डोक्यावर लव उरलेली असते. सहाव्या-सातव्या आठवड्यात पूर्ण पिसं येतात आणि ते फांद्यांवर चालू लागतं. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाचा दोरा सोडवणं त्यातल्या त्यात सोपं, कारण माणूस जवळ आला की ते घरट्यात चपटं होऊन पडून राहतं. पाच आठवड्यांनंतर मात्र शिडी जवळ आली की पिल्लं घाबरून उडी मारतात, आणि दोरा नसलेलं धडधाकट पिल्लूसुद्धा खाली येतं. त्या वयात काम करावंच लागलं तर खाली चार कोपरे धरून ताणलेली चादर आणि आणखी दोन माणसं हवीतच.

आता ते ‘लहान’ पिल्लू. घार पहिलं अंडं घातल्यावरच उबवायला बसते आणि पुढची अंडी दिवसा-दोन दिवसांच्या अंतराने येतात. त्यामुळे पिल्लं वेगवेगळ्या दिवशी बाहेर पडतात आणि मोठं पिल्लू आधी खातं. अन्न भरपूर असेल तर दोन्ही जगतात, कमी पडलं तर धाकटं मागे पडतं, कधी मरतं. बघायला वाईट वाटतं, पण यात हात घालायचा नाही. धाकट्याला उचलून माणसाने वाढवलं तर ते माणसालाच आई समजू लागतं. अशी घार सोडल्यावर लोकांच्या डोक्यावर उतरते, मार खाते आणि आयुष्यभर पिंजऱ्यात जाते. भरवलं की नाही हे बघायचं असेल तर चोचीकडे बघू नका, गळ्याखाली बघा. पोट भरलेल्या पिल्लाच्या गळ्याखाली लिंबाएवढा फुगवटा येतो. दिवसातून दोनदा जरी तो दिसला तरी धाकट्याचं बरं चाललंय.

कॅमेरा बघणारे ज्या गोष्टींना हमखास घाबरतात त्यातल्या बहुतेक नेहमीच्या असतात. पहिले दोन-तीन आठवडे मादी घरट्यात आणि नर शिकार आणतो. त्यानंतर मादीही बाहेर पडते, पिल्लं तासन्‌तास एकटी दिसतात आणि ‘आई सोडून गेली’ म्हणून फोन सुरू होतात. मोठ्या पिल्लांच्या शेजारच्या फांदीवर पालक रात्री झोपतात, घरट्यात नाही. दुपारी पिल्लं चोच उघडी ठेवून धापतात, ती अंग थंड करायची पद्धत आहे. शेपूट कडेला करून पांढरी पिचकारी मारतात, ते जुलाब नव्हेत. भरवलेलं मोठं पिल्लू मेल्यासारखं पालथं पसरून झोपतं. काळजीचं काय? लवेचं, पंधरा दिवसांच्या आतलं पिल्लू उन्हात आणि दोन्ही पालक दोन-तीन तास फिरकलेच नाहीत, हे. मार्चच्या दुपारी ठाण्यात असं पिल्लू स्वतःला थंड ठेवू शकत नाही. पालक पंख पसरून सावली धरतात, ती सावली नसली तर फोन करा. हे एक, शिवाय लोंबणारा पंख, रक्त, घरटं एका बाजूला कलणं आणि तो मांजा, एवढी पाच कारणं तातडीची. बाकी सगळं वहीत लिहून ठेवायचं.

पडद्यावर किती कमी कळतं याचं जगजाहीर उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा गरुडाच्या घरट्यावरचा कॅमेरा. २०१४ मध्ये त्यातलं एक पिल्लू हालत नव्हतं. विभागाचं धोरण हात न घालण्याचं, पण प्रेक्षकांचा दबाव इतका वाढला की शेवटी पिल्लू खाली आणलं. पंखाचं हाड मोडलेलं आणि संसर्ग अंगभर पसरलेला निघाला, त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. हजारो लोक दिवसरात्र बघत होते, तरी नेमकं काय झालंय हे पडद्यावरून कळलं नव्हतं.

म्हणून तुमच्यासाठी पहिली अट अशी: कॅमेरा सुरू करण्याआधी एका कागदावर वरची पाच कारणं लिहा, निर्णय घेणारी एकच व्यक्ती आणि ती नसेल तर दुसरी ठरवा, १९२६, स्थानिक वनपाल आणि एका पशुवैद्याचा नंबर खाली लिहा, आणि सोसायटीच्या कमिटीची सही घ्या. ग्रुपवर मतदान घेऊन पिल्लू उचलायचं की नाही हे ठरत नसतं.

दुसरी अट: या हंगामात झाडावर कॅमेरा नाही. पिल्लं असताना फांदीवर ब्रॅकेट ठोकणं म्हणजे वर सांगितलेली उडी आपणच घडवून आणणं. घारी पुष्कळदा तेच झाड, कधी तेच घरटं पुन्हा वापरतात. झाडावरच लावायचा तर पिल्लं उडून गेल्यावर, पाऊस संपता संपता, सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि परवानगी घेऊन. ड्रोन तर कधीच नाही. घार त्याच्यावर झडप घालते आणि पाती तिचे पंख चिरतात.

खरं तर तुम्हाला झाडाची गरजच नाही. चाळीस मीटर हे सुरेख अंतर आहे. २५ पट ऑप्टिकल (म्हणजे लेन्सच्या) झूमचा पीटीझेड कॅमेरा, म्हणजे दुरून फिरवता आणि झूम करता येणारा, ४.८ ते १२० मिलिमीटर लेन्सचा, पूर्ण झूमवर चाळीस मीटरला सुमारे पावणेदोन मीटर रुंदीची चौकट देतो. घारीचा पंखविस्तार दीड मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ती पंख पसरून उतरली तरी चौकटीत मावते. डिजिटल झूमचे आकडे बघून फसू नका, त्यात फक्त ठिपके मोठे होतात. खिडकीच्या ग्रिलला कॅमेरा बांधू नका. पूर्ण झूमवर लिफ्टची आणि रस्त्यावरच्या ट्रकची थरथरसुद्धा चित्रात दिसते. गच्चीच्या कठड्याला किंवा आरसीसी खांबाला अँकर बोल्टने बसवा. ठाणे खाडीच्या जवळ असाल, किंवा हेच काम ऐरोली-नेरूळकडे करत असाल, तर बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, खारी हवा साधं लोखंड एका पावसाळ्यात खाते.

वायरिंगमध्ये दोन चुका सर्रास होतात. पीटीझेडच्या मोटारींना साध्या पीओईचे (म्हणजे नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेचे) १५.४ वॉट पुरतीलच असं नाही, ३० वॉटचा पीओई प्लस स्विच घ्या. आणि कॅट-६ केबल पूर्ण तांब्याची, उन्हात टिकणाऱ्या काळ्या आवरणाची, शंभर मीटरच्या आत. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल दिवसा चालते आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की व्होल्टेज पडून कॅमेरा पुन्हा पुन्हा बंद होतो. लोक कॅमेरा बदलतात, दोष वायरीचा असतो. इन्फ्रारेड तर मी बंदच ठेवायला सांगतो. रात्री घार झोपलेली असते, चाळीस मीटरवर तो प्रकाश धड पोचत नाही, आणि दिव्यांभोवती किडे जमून कोळी लेन्ससमोर जाळं विणतो, की सकाळी चित्र धुक्यासारखं पांढरं.

ऑटोफोकसही बंद करा, नाहीतर वाऱ्याने पान हललं की कॅमेरा पानावर फोकस करतो. सकाळी सूर्य कॅमेऱ्याच्या मागे असताना हाताने फोकस करून तो प्रीसेट साठवा. मागे आकाश असेल तर तपकिरी घार काळी दिसते, तेव्हा एक्सपोजर थोडं वाढवा, आकाश पांढरं झालं तरी चालेल. दुपारी मध्ये पत्र्याची शेड असेल तर तापलेल्या हवेने चित्र पाण्यासारखं हलतं, त्याला उपाय नाही. समोरच्या इमारतीच्या खिडक्या चौकटीत येत असतील तर कॅमेऱ्यातलं प्रायव्हसी मास्क लावून त्या झाका, आणि माइक कायमचा बंद. घारीचा आवाज ऐकायचा म्हणून शेजाऱ्यांची भांडणं प्रसारित झाली की कमिटी दुसऱ्या दिवशी वायर कापते.

प्रसारणाला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये १०८०पी (चित्राची स्पष्टता), एच.२६४ (व्हिडिओ लहान करायची पद्धत) आणि अडीच एमबीपीएस (पाठवायचा वेग) पुष्कळ झालं. हिशेब सोपा आहे: दिवसाला २७ जीबी, महिन्याला साधारण ८१० जीबी अपलोड. ब्रॉडबँडच्या योजनेची मासिक मर्यादा आधी बघून घ्या. यूट्यूब बारा तासांपेक्षा लांब प्रसारण पूर्ण साठवत नाही, आणि नेमकी हवी ती घटना तेराव्या तासाची असते. म्हणून एक टीबीची हार्ड डिस्क स्थानिक रेकॉर्डिंगला लावा, त्यात महिनाभराचं राहतं. आदल्या दिवशी दोन्ही पालक किती वेळा आले हे मागे जाऊन मोजता येणं, हा कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा उपयोग. लाइव्हपेक्षाही मोठा. बजेट नसेल तर खिडकीतला स्पॉटिंग स्कोप (पक्षी बघायची छोटी दुर्बीण) आणि त्याला लावलेला जुना मोबाइलही चालेल, फक्त त्याला थेट ऊन लागू देऊ नका, तापून बंद पडतो.

शीर्षकात सोसायटीचं नाव, चौकटीत पाटी किंवा ओळखू येईल असा टॉवर नको. घारीपुरता हा सावधपणा जास्त वाटेल, पण घुबडाच्या बाबतीत मी लाइव्हला सरळ नाहीच म्हणतो. गव्हाणी घुबडांना अंधश्रद्धेपायी पकडतात, दिवाळीच्या सुमाराला जास्त. ते रेकॉर्ड करा आणि पिल्लं उडून गेल्यावर दाखवा.

आता पडलेलं पिल्लू. आधी वर बघा आणि मग त्याच्याकडे. पूर्ण पिसांचं, उभं राहणारं, जवळ पालक ओरडत घिरट्या घालतायत, असं असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. कुत्री-मांजरं दूर ठेवा, आणि रस्त्यात असेल तर जवळच्या शेडवर किंवा जाड फांदीवर उचलून ठेवा. पालक तिथेच येऊन भरवतील. माणसाचा हात लागला की पालक टाकून देतात, हा निव्वळ गैरसमज आहे. लवेचं किंवा अर्ध्या पिसांचं असेल, किंवा जखम असेल, तर उचलायलाच हवं. छत्री उघडून जा, कारण पिल्लं असताना घार मागून डोक्यावर झडप घालते. टॉवेल पूर्ण अंगावर टाका, डोकं झाकलं की पिल्लू शांत होतं. जाड हातमोज्यांनी आधी पाय धरा. घारीची चोच ओरखडते, नख्या मात्र आरपार जातात.

पुठ्ठ्याचं खोकं, चारी बाजूंनी साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर, पेन्सिलएवढी दहा-बारा भोकं, तळाला जुना टॉवेल. वर्तमानपत्र घसरतं आणि पाय फाकतात. जाळीचा पिंजरा नको, त्यात पिसं मोडतात आणि मोडलेली पिसं पुन्हा यायला पुढच्या पिसगळीपर्यंत थांबावं लागतं. खोकं अंधाऱ्या, शांत, पंख्याचा थेट वारा नसलेल्या खोलीत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. गेल्या वर्षीच्या पिल्लाचा घात दूध-पावाने केला असण्याची शक्यता मोठी आहे. शिकारी पक्ष्याला दूध पचत नाही, आणि पावाने पोट भरतं पण पोषण शून्य. नुसता बोनलेस चिकनचा खिमाही नको, हाडाशिवाय कॅल्शियम मिळत नाही आणि वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. काही तास उपाशी राहिलं तरी चालेल. कुठल्या झाडाखाली, किती वाजता सापडलं ते खोक्यावर लिहा आणि १९२६ ला फोन करा. कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे ताब्यात आलेल्या वन्यप्राण्याची माहिती ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनविभागाला द्यावीच लागते. व्यवहारात मात्र ती पहिल्या तासातच द्या.

तपासणीत पिल्लू धडधाकट निघालं तर त्याची जागा घरटंच. जुनं घरटं कोसळलं असेल तर पथक वेताची किंवा बांबूची टोपली वापरतं: साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाची, वीस खोल, तळाला पाणी निघायला भोकं, आत सुक्या काड्या, कापूस किंवा गवत नाही. त्याच झाडावर, शक्य तितकी उंच, पक्की बांधलेली. इथे तुमचा कॅमेरा खरा कामाला येतो. तोंड टोपलीकडे वळवा, सगळे लोक आत जा, आणि पालक आले का, गळ्याखालचा फुगवटा आला का, हे बघा. दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत भरवलं नाही तर पिल्लू परत खाली आणायचं आणि पुढचं पशुवैद्य ठरवतील.

शेवटचं एक काम याच आठवड्यात करून टाका. पावसाळ्याआधीच्या फांद्यांची छाटणी एप्रिल-मे मध्ये सुरू होते आणि उशिरा बाहेर आलेली पिल्लं तेव्हाही घरट्यात असतात. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला फोटोसह अर्ज देऊन त्या फांदीला पिल्लं उडेपर्यंत हात लावू नये असं लेखी मागा, त्याची प्रत कमिटीच्या फाइलमध्ये आणि एक वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. छाटणीची गाडी सकाळी येते तेव्हा गेटवर बहुतेक वॉचमनच असतो.